आवाजाची सवय

रस्त्याला लागून घर असलेल्या माणसाला विचारा, ‘रात्री झोप लागते का हो?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘सुरुवातीला त्रास व्हायचा, आता सवय झाली.’ तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच जाग येत नाही. पण झोपेच्या प्रयोगशाळेत अशा माणसाच्या डोक्याला आणि छातीला तारा लावून रात्रभर नोंद घेतली, की काही वेगळंच कागदावर उमटतं. पहिल्या काही रात्रींनंतर पूर्ण जाग येणं कमी होतं, इथपर्यंत सवय खरी. मात्र गाडी गेली की नाडी वाढते, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि हे त्याच घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसातही सुरूच असतं. सरावतं ते लक्ष. हृदयाचा सराव अर्धवटच राहतो.

आवाज आणि आरोग्य यांबद्दल बोलताना मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या त्रासाची तक्रारच उरत नाही, त्याच्यावर कुणी उपाय करत नाही.

एक उदाहरण सावकाश पाहू. रात्रीचे दोन. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकी अर्धी उघडी, आत साधारण ३५ डेसिबल, म्हणजे पंखा मंद फिरतोय एवढाच आवाज. खालून सायलेन्सर बदललेली बुलेट जाते. खोलीतला आवाज ६५-७० पर्यंत चढतो आणि सात-आठ सेकंदांत ओसरतो. माणूस झोपला तरी त्याचा कान झोपत नाही. आवाज मेंदूपर्यंत पोचतोच, आणि ‘यात धोका आहे का’ हे तपासणारा अमिग्डाला नावाचा भाग जाणिवेची वाट न बघता कामाला लागतो. लगेच नाडी चढते, रक्तदाब थोडा वर जातो. गाढ झोपेच्या संथ लहरींत काही सेकंद जागेपणाच्या जलद लहरी घुसतात आणि झोप एक पायरी उथळ होते. मिनिटभरात सगळं पूर्ववत. कूस बदलून तो झोपलेलाच असतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही, कारण एवढ्या थोड्या वेळाची जाग लक्षातच राहत नाही. रात्रीत अशा वीस-पंचवीस गाड्या गेल्या, तर घड्याळाने सात तास झोप झालेली असते आणि अंग मात्र आंबलेलं असतं.

जर्मनीत माइन्त्स इथे हृदयरोगतज्ज्ञांनी हेच तपासलं. ७५ निरोगी तरुण माणसांना, सरासरी वय २६, त्यांच्याच घरी झोपवून काही रात्री विमानांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. एखाद्या रात्री ३० विमानं, एखाद्या रात्री ६०, एखाद्या रात्री काहीच नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आवाजाच्या रात्रीनंतर रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली होती आणि रक्तात ॲड्रेनालिन वाढलेलं होतं. एका रात्रीत एवढं होत असेल, तर वर्षानुवर्षं काय होतं? युरोपातल्या सहा मोठ्या विमानतळांभोवती ४५ ते ७० वयाच्या सुमारे ४,९०० लोकांची पाहणी झाली. २००८ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षात रात्रीच्या विमानांचा आवाज दर १० डेसिबलने वाढला, की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे आकडे विमानांचे आहेत, पण रस्त्याच्या आवाजाबद्दलची दिशाही तीच आहे.

आता थोडं डेसिबलबद्दल, कारण इथे फार गैरसमज आहेत. हे माप साध्या बेरजेचं नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. १० वाढले की ऊर्जा दहापट होते, आणि कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ‘५५ ची मर्यादा आणि ६५ आवाज, म्हणजे थोडाच जास्त’ असं कुणी म्हणालं, तर तो दसपट ऊर्जेला ‘थोडं’ म्हणतोय. दुसरी गोष्ट, सरासरीचा आकडा रात्रीबद्दल फारसं सांगत नाही. रात्रभराची सरासरी ४५ भरली, तरी त्यात एकसुरी घरघर असेल किंवा शांततेत अधूनमधून ठणकणारे हॉर्न असतील. झोप मोडतात ते हॉर्न. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत झोपण्याच्या खोलीसाठी दोन वेगळे आकडे दिले: सरासरी ३० डेसिबल आणि कुठलाही एकटा आवाज ४५ च्या वर नको. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत रस्त्यावरच्या रहदारीसाठी रात्रीची मर्यादा घराबाहेर ४५ ठेवली आहे. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही निवासी भागाला रात्री ४५ आणि दिवसा ५५ एवढीच परवानगी देतात. कागदावर आपण मागे नाही.

मोजायचं असेल तर फोनवरचं ॲप चालेल, पण पद्धतशीर. फोनचं कव्हर काढा, माइकचं भोक पुसून घ्या. फोन भिंतीपासून किमान मीटरभर लांब आणि हातभर अंतरावर धरा; छातीजवळ धरला तर अंगावरून परतणारा आवाज त्यात मिसळतो. ‘ए’ भारांकन (कानाला आवाज जसा जाणवतो त्या बेताने मोजण्याची पद्धत) निवडा, पंखा बंद करा, आणि किमान १५ मिनिटांची सरासरी व सर्वोच्च आकडा दोन्ही लिहून ठेवा. एकदा खिडकी उघडी ठेवून, एकदा बंद करून. एकदा संध्याकाळी सातला, एकदा रात्री एकला. साध्या फोनचा आकडा पाच डेसिबलने सहज चुकू शकतो, त्यामुळे तो न्यायालयात न्यायच्या लायकीचा नसतो. उघड्या आणि बंद खिडकीतला फरक मात्र तो बऱ्यापैकी खरा सांगतो, आणि घरात उपाय करायला नेमका तोच फरक लागतो.

पहिला उपाय फुकटातला आहे: पलंग हलवा. रस्ता ही आवाजाची एक लांबच लांब रेघ असते, त्यामुळे अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनेच कमी होतो. मात्र इमारतच मधे आली तर मागच्या बाजूला आवाज १५-२० डेसिबलनेसुद्धा पडतो. रस्त्याकडची मोठी, हवेशीर खोली ‘मास्टर बेडरूम’ म्हणून घेतली जाते आणि मागची लहान खोली अडगळीला जाते. ही अदलाबदल करून पाहा. डोक्याची बाजू लिफ्टच्या भिंतीला किंवा पाण्याचे पाइप जाणाऱ्या शाफ्टला टेकलेली नको.

मग खिडकी. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, दोन किंवा तीन ट्रॅकच्या. त्यांना रबराऐवजी केसाळ पट्टी लावलेली असते, ती धूळ अडवते आणि हवा जाऊ देते. जिथून हवा जाते, तिथून आवाज जातो. गणित कठोर आहे: अडथळ्याच्या क्षेत्रफळात १ टक्का जरी उघडी फट असली, तरी काच कितीही जाड बसवा, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच खिडकीभोवती ३ मिलिमीटरची फट राहिली, की झाला जवळजवळ १ टक्का. लोक पाच मिलिमीटरची काच काढून महागडी दुहेरी काच त्याच सरकत्या चौकटीत बसवून घेतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. पडणारच नाही, कारण फट तिथेच आहे.

करायचं ते या क्रमाने. आधी चौकट आणि भिंत यांच्यातली सांध काढा. गवंड्याने वरवर सिमेंट किंवा पीओपी ओढलेलं असतं, आत पोकळ असतं. ते खरवडून आत फोम भरायचा, तो सुकल्यावर कापून वर सिलिकॉन ओढायचं. मग ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बघा. ती बुजवायची नाहीत, नाहीतर पावसात पाणी आत येईल. बाहेरून झडप असलेलं झाकण मिळतं, ते लावायचं. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे नवी पट्टी टाकायची. एवढ्यावर भागलं नाही, तर पैसे काचेत घालण्याआधी चौकटीत घाला: बिजागरीवर उघडणारी, चहूबाजूंनी रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी खिडकी. तिच्यात साध्या काचेऐवजी लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. हा थर काचेची थरथर मारतो. जुनी सरकती खिडकी बंद असताना २० डेसिबलच्या आसपास अडवते. अशी नीट बसवलेली खिडकी तिशीच्या पुढे जाते. रस्ता फारच वाहता असेल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवणं सगळ्यात चांगलं, पण दोन्हींमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर हवं. कारखान्यात बनलेल्या दुहेरी काचेत मधलं अंतर १२ मिलिमीटरच्या आसपास असतं. ते उष्णतेसाठी ठीक आहे, ट्रकच्या खर्जासाठी नाही. शिवाय दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नयेत, कारण मग दोघी एकाच स्वराला एकत्र थरथरतात.

फोमच्या टोकदार लाद्या आणि जाड पडदे यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यांच्यावर बरेच पैसे वाया जातात. त्या वस्तू खोलीतलं घुमणं कमी करतात. बाहेरचा आवाज त्या अडवत नाहीत. आवाज अडतो तो वजनाने आणि हवाबंदपणाने. प्लॅस्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते ती तिच्या वजनामुळे.

खिडकी घट्ट केली, की हवेचा विचार लगेच करायचा. मागच्या बाजूची एखादी खिडकी उघडी ठेवून आतलं दार किंचित उघडं ठेवलं तर हवा खेळते. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर तिथली झरोक्याची जागा किंवा एक्झॉस्ट आवाजासाठी कधीही बंद करायचा नाही. कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणूस जातो.

बाहेरच्या आवाजाइतकाच सोसायटीच्या आतला आवाज रात्र खराब करतो, आणि त्यातला बराचसा दुरुस्त होण्यासारखा असतो. पाण्याची मोटर घ्या. मोटर काँक्रीटच्या ओट्यावर थेट बोल्टने आवळलेली असते, तिला लोखंडी पाइप कडक जोडलेला असतो आणि तो पाइप भिंतीला लोखंडी क्लॅम्पने. मग मोटर तळमजल्यावर फिरते आणि घुमते चौथ्या मजल्यावरच्या उशीत. मोटरच्या पायाखाली २५ मिलिमीटरच्या खाचांच्या रबरी लाद्या, मोटर आणि पाइप यांच्यामध्ये रबरी बेलो म्हणजे लवचीक जोड, आणि क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी, ही तीन कामं एका दिवसात होतात. मोटर बंद होताना ‘धाड’ असा आवाज येत असेल, तर वर चढलेलं पाणी मागे येऊन झडपेवर आदळतंय. झोपाळ्यासारखी लोंबती पट्टी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून स्प्रिंगचा बसवला की तो थांबतो. कुईंकुईं असेल तर बेअरिंग गेलंय. खडे फिरल्यासारखा आवाज असेल तर पाणी ओढण्याच्या बाजूला हवा शिरतेय किंवा पाणी कमी पडतंय, आणि तसं चालवलं तर पंप लवकर मरतो. वेळेचंही बघा. महापालिकेचं पाणी पहाटे येतं ते खालच्या टाकीत. ते वर चढवायला पहाटे साडेचारलाच मोटर लावली पाहिजे असं नाही. वरची टाकी रात्री साडेनऊला भरून ठेवली तर सकाळपर्यंत पुरते. एक टायमर लागतो आणि वॉचमनशी एकदा बोलावं लागतं.

पंख्याची गुणगुण कमी वेगावर जास्त येत असेल, तर दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरचा असतो; कपॅसिटरचा, ठराविक पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवा. टकटक येत असेल तर पात्यांचे स्क्रू, वरच्या हुकातलं झिजलेलं रबर आणि छताला घासणारी वाटी तपासा. मिक्सर कानाशी ८५-९० डेसिबलपर्यंत जातो. तो ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि ग्रॅनाइट मिळून आवाज अंगावर फेकतात; भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खाली जाड रबरी चटई घाला, भांड्याखालचा कपलर झिजला असेल तर बदला. वरच्या मजल्यावरून खुर्च्या ओढल्याचा आवाज आपल्या छतावर फॉल्स सीलिंग टाकून जात नाही, कारण तो स्लॅबमधून भिंतींत उतरलेला असतो. उपाय वरच्यांच्याच घरी: खुर्चीच्या पायांना रबरी बूट किंवा फेल्टच्या टिकल्या. दिवाळीच्या फराळाबरोबर चार खुर्च्यांचे सोळा बूट पाठवले, तर कुणी रागावत नाही.

आवाज किती मोठा, यावरच सगळं ठरत नाही. अमेरिकेतल्या ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास काही प्रयोग केले. माणसांना कर्कश गोंगाटात काम दिलं. काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं आणि सांगितलं, अगदी असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही गोंगाट संपल्यावर दिलेल्या किचकट कामात बटणवाले जास्त वेळ टिकले आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. ठरावीक अंतराने येणारा आवाजही असाच कमी दमवतो. केव्हाही येणारा फार दमवतो. सोसायटीत यावरून लगेच करता येण्यासारखं काही आहे. घरात तोडफोड काढली असेल, तर ग्रुपवर आदल्या दिवशी लिहा: ‘उद्या ड्रिलिंग ११ ते १, नंतर नाही,’ आणि एकला खरंच थांबा. डेसिबल तेवढेच राहतात, शेजारची आजारी आजी मात्र त्या दोन तासांत दुसऱ्या खोलीत जाऊन पडू शकते.

रस्त्यावरच्या हॉर्नबद्दल मुंबई पोलिसांनी एक कल्पक प्रयोग केला होता. जानेवारी २०२० मध्ये त्याची चित्रफीत आली. सिग्नलला ध्वनिमापक जोडला. लाल दिव्यावर हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की सिग्नलचा काउंटर पुन्हा पहिल्यापासून. असे प्रयोग नियमित व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं, कारण हॉर्न हा अपघात टाळण्यासाठी कमी आणि वैताग बाहेर काढण्यासाठी जास्त वाजतो, आणि तो ऐकावा लागतो चौकातल्या फुलवालीला, दिवसाचे दहा तास.

मिरवणुकांचं सांगताना एक तांत्रिक गोष्ट सुटून जाते. नियमांतल्या मर्यादा ‘ए’ भारांकनात आहेत. हे भारांकन मंद आवाजाला आपला कान जसा प्रतिसाद देतो तसं बेतलेलं आहे, त्यामुळे ते ५० हर्ट्झच्या खर्जातून सुमारे ३० डेसिबल वजा करतं. डॉल्बीच्या भिंतीतून जे छातीत धडधडतं ते नेमकं हेच. मीटरवरचा आकडा म्हणूनच शरीराला जाणवतं त्यापेक्षा बराच सौम्य दिसतो. शिवाय खर्ज हलक्या भिंतीतून सहज आत येतो. दारं-खिडक्या लावूनही भांडी थरथरतात ती त्यामुळे. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, विद्यार्थी अनेक वर्षं विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात, आणि काही वर्षी सरासरी १०० डेसिबलच्याही वर गेली आहे. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने असंच मोजमाप वर्षानुवर्षं केलं. या दोघांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. आकडे नसते, तर सगळी चर्चा ‘तुम्हाला सण सहन होत नाही’ इथेच अडली असती.

तक्रार करायची तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक उघड्यावर लावायला बंदी आहे, हे लक्षात ठेवा. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. फोन ११२ ला करा. वेळ, जागा आणि आवाजाचा प्रकार एका वाक्यात सांगा. नाव उघड होईल या भीतीने लोक गप्प बसतात. तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलेलं आहे.

मुलांचं नुकसान वेगळ्या जागी होतं. न्यू यॉर्कमध्ये एका शाळेच्या इमारतीच्या एका अंगाला उन्नत रेल्वे होती. दर साडेचार मिनिटांनी गाडी, आणि ती जाईपर्यंत बाईंनी गप्प बसायचं. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतली मुलं सहावीपर्यंत वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे पडली होती. त्यानंतर रुळांखाली रबरी गाद्या आणि वर्गांना ध्वनिशोषक छत बसवलं. पुन्हा तपासलं तेव्हा फरक उरला नव्हता. हे मला फार मोलाचं वाटतं: इमारत तीच, रेल्वे तीच, बदलला फक्त आवाज.

आपल्या शाळांत बाहेरच्या आवाजाला खोलीतलं घुमणंही मिळतं. शहाबादी फरशी, प्लॅस्टरच्या भिंती, सपाट स्लॅब. एक हिशोब करून दाखवतो. वर्ग ६ बाय साडेसात मीटर, उंची ३.२, म्हणजे १४४ घनमीटर. दारं-खिडक्या बंद, आत ४० मुलं. अशा खोलीत आवाज विरायला सुमारे १.१ सेकंद लागतात. लहान मुलांना शब्द स्पष्ट कळायचे तर तो काळ ०.६ च्या आसपास हवा, आणि बाईंचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा. मागच्या भिंतीवर आणि छताच्या कडेने मिळून २५ चौरस मीटर भागात ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल (दगडापासून बनवलेली तंतूंची गादी), वर कापड ताणून लावला, की हा काळ ०.६ च्या खाली येतो. समोरची भिंत आणि छताचा मधला भाग मोकळा ठेवायचा, कारण तिथून परतणारा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचवायला मदत करतो. पातळ थर्माकोल लावू नका. तो आवाज शोषत नाही आणि पेटतो भरभर. बाईंचा घसाही यातून वाचतो. घसा बसणं हा शिक्षकांचा व्यवसायजन्य आजार आहे आणि त्याकडे कुणी गंभीरपणे बघत नाही.

शेवटी खुद्द कान. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५-१६ हजार केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. किती आवाज किती वेळ चालेल याचा कामाच्या ठिकाणी बराच वापरला जाणारा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर ८५ पार झालेत असं समजावं. आता हा हिशोब ढोल-ताशा पथकाच्या सरावाला लावा. नदीपात्रात रोज दोन-तीन तास, ताशाच्या शेजारी १०० च्या वर, गणपतीआधीचे दीड-दोन महिने. किंवा इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांना लावा, जिथे आडवा धागा नेणारा धोटा दोन्ही टोकांना आदळत राहतो, शेडमध्ये सहज ९५ असतात आणि पाळी १२ तासांची. आपला कारखान्यांचा नियम वर्षानुवर्षं आठ तासांना ९० धरत आला आहे.

कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. तो पाच-सात डेसिबलच अडवतो. फोमचा प्लग स्वस्त आहे, पण घालायची पद्धत आहे. हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. सुरळी आत सारा आणि तीस सेकंद बोटाने धरून ठेवा, तोवर ती फुगून बसते. समोरून बघणाऱ्याला प्लगचं टोक ठळक दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. पाकिटावर ३३ डेसिबल लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. आणि तो पूर्ण पाळीभर घालायचा. ३० डेसिबलचं संरक्षण असलेला प्लग एकदशांश वेळ काढला, समजा आठ तासांत ४८ मिनिटं, तर उरतं जेमतेम १० डेसिबलचं संरक्षण. खिडकीच्या फटीचं गणितच इथे वेळेला लागू होतं. वादकांना ताल आणि सूर स्पष्ट हवा असतो, त्यांनी फोमऐवजी फिल्टरचे प्लग घ्यावेत. ते सगळे स्वर सारखेच खाली आणतात.

बिघाड सुरू होतो तो बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास. तिथे स, श, थ, ठ यांसारखी व्यंजनं ओळखण्याच्या खुणा असतात, स्वर खालच्या पट्टीत शाबूत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ फोनवर ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं, नातवंडांचं बारीक बोलणं निसटतं, लग्नघरात तो कोपऱ्यात गप्प बसायला लागतो, आणि घरचे म्हणतात स्वभाव बदलला. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहणं किंवा दडे बसल्यासारखं वाटणं ही त्याच्या कितीतरी आधीची सूचना असते. दोन दिवसांत ते गेलं म्हणजे सगळं भरून आलं असंही नाही. उंदरांवरच्या २००९ च्या संशोधनात ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे तुटलेले आढळले.

ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याची, तपासणी तास-अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही. पथकात नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची एक तपासणी सराव सुरू होण्याआधी आणि एक विसर्जनानंतर व्हावी. मागावर कामाला लागणाऱ्याची पहिल्या आठवड्यात आणि मग दरवर्षी. दोन्ही आलेख एकाच फाइलमध्ये ठेवायचे, म्हणजे ४,००० जवळ खड्डा पडायला लागलाय का ते दिसतं. तपासणीआधी किमान १४ तास कान शांततेत असावेत, हेडफोनसुद्धा नाही, नाहीतर तात्पुरता थकवाच कायमचा बिघाड म्हणून नोंदला जातो. म्हणजे माग कामगाराने पाळी संपवून थेट दवाखान्यात जायचं नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जायचं.